तासाला आठ मिनिटं पुढे: परत आलेल्या एका घड्याळाचा हिशेब

इंदूरच्या रामबागेतली एक विक्रेती घरातूनच जुनी मनगटी घड्याळं ऑनलाइन लिलावात विकते. महिन्याला पंधरा-वीस नग, त्यात बहुतेक एचएमटी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिचं देवनागरी आकड्यांच्या डायलचं एक 'जनता' २,६०० रुपयांच्या बोलीला नाशिकच्या खरेदीदाराकडे गेलं. पंधरवड्यात ते परत आलं, दुसऱ्यांदा लिलावात चढलं, विकलं गेलं, आणि सगळं धरून त्या एका नगावर ८६ रुपये ३२ पैशांचा तोटा झाला.

रक्कम चहापाण्याची आहे. पण तिच्यात छोट्या विक्रेत्याच्या जवळजवळ सगळ्या चुका सापडतात, म्हणून हे प्रकरण इथे पैशा-पैशाने उलगडलं आहे. प्रकरण प्रातिनिधिक आहे. लिलाव-मंचाचे टक्के गणितासाठी धरलेले आहेत. तुमच्या मंचाचं दरपत्रक वेगळं असेल, तर तिथे तुमचे आकडे घाला. जीएसटीचे आणि ग्राहक संरक्षणाचे नियम मात्र खरे आहेत.

माल कुठून आला, कितीला पडला

बंद होत असलेल्या एका घड्याळजीच्या दुकानातून सहा घड्याळांचा लॉट ६,६०० रुपयांना उचलला होता. प्रत्येक नगाची किंमत १,१०० धरली. ही वाटणी खरेदीच्या दिवशीच वहीत लिहायची असते, आणि तीही कागदासकट: विकणाऱ्याचं नाव, तारीख, नगांची यादी, रक्कम, सही. कारण पुढे जीएसटी भरताना हाच आकडा कामाला येतो. वापरलेला माल विकणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला सीजीएसटी नियम ३२(५) नुसार पूर्ण विक्री किमतीवर नव्हे, तर विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर कर भरता येतो. दोन अटी आहेत. मालाच्या खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं, आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे वस्तूचं रूप बदललेलं नसावं. साफसफाई, ऑइलिंग, नवी काच हे चालतं. त्यावर झालेला २५० रुपयांचा खर्च मात्र खरेदी किमतीत मिळवता येत नाही. तो तुमच्या नफ्यातून जातो, कराच्या फरकातून वजा होत नाही. इथे अनेकजण घसरतात.

जीएसटी नोंदणी का घेतली, असा प्रश्न येईल, कारण नोंदणी सक्तीची होते त्या ४० लाखांच्या मर्यादेच्या आसपासही उलाढाल नाही. राज्याबाहेर माल विकला की ती मर्यादा उपयोगी पडत नाही, नोंदणी घ्यावीच लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून मंचावर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना नोंदणीतून सूट मिळाली, पण ती फक्त राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना. घड्याळ उज्जैनला गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. नाशिकला जायचं तर नाही. कंपोझिशन योजनाही, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठोक दराने कर भरू देणारी, याच कारणाने बाद.

(होळकरी नाणी किंवा तत्सम जुना माल विकणाऱ्यांनी हे गणित जसंच्या तसं उचलू नये. १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एचएमटीचं घड्याळ-उत्पादन १९६१ नंतरचं, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही.)

विक्री टिकली असती तर

बोली २,६००, वर पार्सलचे १२० घेतले. एकूण २,७२०. मंचाने त्यातून काय कापलं ते असं:

यादी शुल्क १० रुपये. विक्री शुल्क ९ टक्के, म्हणजे २४४.८०. लक्षात घ्या, हे टक्के पार्सलचे १२० धरून एकूण २,७२० वर लागतात, नुसत्या बोलीवर नाहीत. पेमेंट शुल्क २ टक्के, ५४.४०. एकूण ३०९.२०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५५.६६. हा जीएसटी क्रेडिट म्हणून परत मिळतो, कारण ३२(५) ची अट फक्त मालाच्या खरेदीपुरती आहे, सेवांवरच्या क्रेडिटला ती आड येत नाही. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही हा नियम जानेवारी २०२० पासून आहे, मग मंच दोन टक्के कसे घेतो, असं विचारणारे असतात. मंच ते आपल्या वसुली-सेवेचं शुल्क म्हणून घेतो आणि करारात तसं लिहिलेलं असतं. दरपत्रक वाचल्याशिवाय सही केली की मग भांडता येत नाही.

पार्सलचा प्रत्यक्ष खर्च ११२, पॅकिंग ३८. जीएसटी फरकावर: २,७२० वजा १,१०० म्हणजे १,६२०, त्यात अंतर्भूत १८ टक्के कर २४७.१२. आता २,७२० मधून खरेदी १,१००, दुरुस्ती २५०, शुल्क ३०९.२०, पार्सल-पॅकिंग १५० आणि कर २४७.१२ वजा करा. हातात ६६३.६८ उरतात.

मंच टीसीएसही (विक्रेत्याच्या पैशातून आधीच कापून सरकारकडे भरायचा जीएसटी) कापतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर एकूण अर्धा टक्का आहे, म्हणजे इथे बारा-तेरा रुपये. तो खर्च नव्हे. जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारला की कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरायला वापरता येणाऱ्या तिथल्या खात्यात, येतो. न स्वीकारणाऱ्यांचे वर्षाला हजारभर रुपये तिथेच पडून राहतात. आयकराचा टीडीएस तिला लागला नाही, कारण पॅन दिलेला होता आणि मंचावरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत होती.

तक्रार

घड्याळ १ एप्रिलला पोहोचलं. ३ तारखेला संदेश आला:

"नमस्कार ताई. घड्याळ मिळालं, दिसायला छान आहे. पण तासाला सात-आठ मिनिटं पुढे पळतंय. आणि डायल ओरिजिनल वाटत नाही, भिंगातून बघितलं तर अक्षरं जाड-बारीक आहेत. काय करायचं ते सांगा."

यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्याच सोडवायला हव्यात, पण विक्रेते दोन्ही एका पिशवीत कोंबतात.

पहिली, पुढे पळण्याची. चावीचं घड्याळ दिवसाला मिनिटभर पुढेमागे झालं तर नियमन बिघडलंय असं म्हणता येतं. तासाला सात-आठ मिनिटं पुढे गेलं तर संशय थेट हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळजी जिला बालकमानी म्हणतात तिच्यावर जातो. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की कमानीची काम करणारी लांबी कमी होते, बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, झपझप फिरतो. वेढे चिकटतात ते धक्क्याने एकमेकांत अडकून, तेल लागून, किंवा चुंबकत्वाने. पहिल्या दोन्हीत घड्याळ उघडावं लागतं. तिसऱ्यात नाही. तपासायला शाळेच्या कंपासपेटीतली साधी होकायंत्राची सुई पुरते. घड्याळ जवळ नेऊन हळूहळू फिरवा, सुई घड्याळाबरोबर डोलायला लागली की चुंबकत्व आहे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, फोनच्या स्पीकरमध्येच लोहचुंबक असतो.

इथे चुंबक आला कुठून? पॅकिंगमधून. नग महाग गेला म्हणून तिने सियागंजातून आणलेली भेटवस्तूची छान डबी वापरली होती, झाकण 'टक्' करून बंद होणारी. तो आवाज झाकणातल्या चुंबकाचा. चार दिवस घड्याळ त्याला चिकटून नाशिकपर्यंत गेलं. आधीच्या सगळ्या पार्सलांत साधा पुठ्ठ्याचा खोका होता आणि ही तक्रार कधी आली नव्हती.

दुसरी तक्रार डायलची. यादीच्या शीर्षकात तिने 'ओरिजिनल' हा शब्द टाकला होता, कारण तो टाकला की शोधात माल वर येतो. डायल मात्र कधीतरी नव्याने रंगवलेली होती. रिडायल ओळखायला दहापट भिंग पुरतं: छपाईच्या अक्षरांची जाडी एकाच शब्दात बदलते, मिनिटांच्या रेघा कडेपर्यंत सारख्या अंतरावर पोहोचत नाहीत, काट्यांच्या मधल्या छिद्राभोवती रंगाची उंच कड दिसते, आणि '१७ ज्युएल्स' सारखी बारीक ओळ फिस्कटलेली किंवा चक्क गायब असते. घड्याळ उघडून सर्व्हिस करताना हे तिच्या घड्याळजीला दिसलंच असणार. त्याला विचारलं नाही, एवढंच.

खरेदीदाराचा हक्क या दुसऱ्या मुद्द्यावर पक्का आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार मंचावरच्या विक्रेत्याला सदोष, बनावट, किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारा माल परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. 'नो रिटर्न' असं ठळक लिहिलं तरी फरक पडत नाही. ती सूचना मन बदललेल्या गिऱ्हाइकापुरती. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून तक्रार फेटाळायची प्रथा पडली आहे, पण नियमांत अशी अट कुठे नाही. व्हिडिओ मागा जरूर, त्याच्या नसण्याला ढाल करू नका.

दोनशे रुपयांचं उत्तर

तिने लिहिलं: "दादा, जुनं घड्याळ आहे, थोडंफार पुढेमागे चालायचंच. २०० रुपये परत करते, जवळच्या घड्याळजीला दाखवून घ्या."

डायलबद्दल एक शब्द नाही. दोन तासांत खरेदीदाराने मंचावर औपचारिक परतावा नोंदवला, कारण निवडलं 'वर्णनाशी जुळत नाही'.

हे उत्तर उर्मट होतं का? फारसं नाही. पण ते हिशेब न करता दिलेलं होतं. परतावा घेतला तर काय गमावणार, हे तिने मांडलंच नव्हतं. आपण मांडू.

पूर्ण परताव्यात २,७२० परत जातात. मंच २४४.८० चं विक्री शुल्क परत देतो. यादी शुल्क १० आणि पेमेंट शुल्क ५४.४० परत देत नाही. जाताना लागलेले ११२ आणि ३८ गेलेच. येतानाचं पार्सल १३०, तेही विक्रेत्याच्या माथी. बेरीज ३४४.४०. म्हणजे घड्याळ शाबूत परत आलं, खरेदीदार सज्जन निघाला, तरीही एवढे गेले.

आता कोणी म्हणेल, म्हणजे ३४४ पर्यंत सूट देऊन प्रकरण मिटवावं. पूर्ण बरोबर नाही. अंशतः परतावा दिला की विक्री किंमत कमी होते, त्याबरोबर करही कमी होतो. शंभर रुपये सोडले तर खिशातून प्रत्यक्षात ८४.७५ जातात. म्हणून ३४४.४० ला १.१८ ने गुणायचं: ४०६. ते घड्याळ पुन्हा २,६०० लाच विकलं जाणार असतं तरी ४०६ पर्यंतची सूट परताव्यापेक्षा स्वस्त पडली असती.

पण ते २,६०० ला जाणार नव्हतंच, आणि हे बोलींच्या इतिहासात आधीपासून लिहिलेलं होतं. लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही. ती त्याच्या खालचा ठरवतो. नाशिककराची कमाल बोली कितीही असो, दुसऱ्या क्रमांकावरचा २,५५० वर थांबला म्हणून, ५० च्या टप्प्याने, सौदा २,६०० ला ठरला. तिसरा २,१५० वर थांबला होता. आता नाशिककर बाजूला झाला तर फेरलिलावात दुसरा जिंकणार, पण तिसऱ्याच्या वर फक्त एक टप्पा देऊन: २,२००. तोही आला तर. बाजारात नवा कोणी आला नाही, तर परत आलेला नग एक पायरी खालीच विकला जातो, यात नशिबाचा काही भाग नाही.

२,२०० अधिक १२० धरून तोच हिशेब केला की दुसऱ्या विक्रीचे ३६८.७० उरतात. त्यातून ३४४.४० गेले, शिल्लक २४.३०. मूळ ६६३.६८ शी तुलना केली तर तफावत ६३९.३८, गुणिले १.१८, म्हणजे ७५४ रुपयांपर्यंतची सूट परवडली असती. तिसऱ्या बोलीकडे नुसती नजर टाकली असती तरी हा आकडा समोर होता.

म्हणून पहिलं उत्तर असं हवं होतं:

"नमस्कार दादा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, डायल नव्याने रंगवलेली आहे, 'ओरिजिनल' लिहायला नको होतं. पुढे पळतंय ते बहुधा चुंबकत्वामुळे. कुठल्याही घड्याळजीकडे पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला परत करायचं असेल तर येण्याचा खर्च माझा, सगळे पैसे परत देते. ठेवायचं असेल तर ६०० रुपये परत पाठवते. जे सोयीचं असेल ते कळवा."

परताव्याचा पर्याय आधी, सूट नंतर. हा क्रम उलटा झाला की समोरच्याला वाटतं, आपल्याला पटवलं जातंय. आणि सूट एकदाच, ठोक. दोनशे-चारशे-सहाशे अशी चढवत नेली तर तुम्ही स्वतःच दुसरा लिलाव सुरू करता, ज्यात तुम्ही एकटेच बोली लावणारे. सूट मंचाच्या व्यवहारातूनच द्या. बाहेरून यूपीआयने पाठवली तर मंचाच्या लेखी ती दिलेलीच नाही, आणि पूर्ण परताव्याचा दावा तसाच उघडा राहतो.

सहाशे घेऊन खरेदीदाराने घड्याळ ठेवलं असतं, तर विक्रेतीला १५५ रुपये राहिले असते. हमी कोण देणार? संग्राहक असेल तर तो रिडायल कितीही स्वस्त दिली तरी ठेवत नाही. पण विचारायचा हक्क दोनशेच्या उत्तराने गमावला.

पार्सल परत आल्यावर

हे तिने चोख केलं, म्हणून थोडं सविस्तर.

पाठवताना पार्सलचं वजन १८२ ग्रॅम नोंदलं होतं. परत आलेलं न उघडता काट्यावर ठेवलं: १७९. बबल रॅपचा एक वेढा कमी असल्याएवढा फरक. लेबल आणि सहाही बाजूंचे फोटो काढून मग कॅमेरा सलग चालू ठेवून उघडलं. घड्याळात मुख्य भीती अदलाबदलीची असते: केस तीच, आतलं यंत्र दुसरं. त्यावर उपाय पाठवण्याआधीचा. मागचं झाकण उघडून यंत्राचा सरळ वरून एक फोटो काढायचा, ज्यात स्क्रूंच्या खाचांची दिशा आणि ब्रिजवरचे (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवरचे) जुने ओरखडे स्पष्ट दिसतील. स्क्रूच्या खाचा कुठल्या कोनात थांबल्या आहेत हे बोटांच्या ठशांसारखं असतं, दोन यंत्रांत जुळत नाही. तिचा फोटो जुळला.

होकायंत्राची सुई डोलली. डिमॅग्नेटायझर काहीशे रुपयांत मिळतो. घड्याळ त्याच्यावर धरून बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू फूटभर लांब न्यायचं, मग बटण सोडायचं. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलं तर चुंबकत्व जातच नाही, उलट वाढू शकतं. दोन फेऱ्यांत घड्याळ ताळ्यावर आलं. यंत्राला काही झालं नव्हतं.

त्याच दिवशी तिने पैसे परत करायचं बटण दाबलं. इथे दिरंगाई महागात पडते. या मंचावर ठरलेल्या मुदतीत विक्रेत्याने पैसे दिले नाहीत तर मंच स्वतः देतो, आणि मग प्रकरण 'मंचाने सोडवलेलं' म्हणून नोंदलं जाऊन विक्री शुल्काची परतफेडही जाते. २४४.८० चा प्रश्न असतो. आपलं दरपत्रक काढा आणि 'शुल्क परतफेड' या शब्दांखाली कारणांची यादी पाहा. बऱ्याच ठिकाणी परतफेड आपोआप होत नाही, मागावी लागते.

पॅकिंगबद्दल एवढंच: चावी पूर्ण उतरू द्यायची, प्लास्टिकच्या काचेवर चिकटपट्टी न लावता पातळ फिल्म, मऊ पिशवी, दोन वेढे बबल रॅप, १५ × १० × ८ सेंटिमीटरचा कडक खोका. कुरियरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ५,००० ने भागून जे किलो येतात ते आणि खरं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. हा खोका पाव किलोच्या आत बसतो. हाताशी आहे म्हणून २५ × २० × १५ चा घेतला तर दोनशे ग्रॅमच्या घड्याळाचं दीड किलो होतं.

मार्च-एप्रिलचा तिढा

विक्री मार्चमधली, परतावा एप्रिलमधला. मध्ये आर्थिक वर्ष बदललं. विक्रेती तिमाही विवरण भरते. जानेवारी-मार्चच्या विवरणात ही विक्री दाखवावीच लागते, आणि २४७.१२ चा कर मध्य प्रदेशातल्या तिमाहीवाल्यांसाठी २२ एप्रिलपर्यंत भरावा लागतो. पैसे ग्राहकाला परत गेले आहेत हे तोपर्यंत माहीत असूनही. मार्चची विक्री गाळून टाकायचा मोह होतो. टाळा. मंचाने आपल्या मार्चच्या जीएसटीआर-८ मध्ये, म्हणजे टीसीएसच्या विवरणात, ती दाखवलेली असते आणि दोन्ही आकडे पोर्टलवर शेजारी दिसतात.

एप्रिलच्या तारखेची क्रेडिट नोट (विक्रीची रक्कम कमी झाल्याचा कागद) काढायची, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली. ती दाखवायची मुदत विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरण आधी भरलं तर तोपर्यंतच). ग्राहक नोंदणी नसलेला आणि रक्कम लहान, म्हणून नोट वेगळी नोंदवायची नसते. एप्रिल-जूनच्या एकत्रित बी-टू-सी (नोंदणी नसलेल्या ग्राहकांना केलेल्या विक्रीच्या) आकड्यातून महाराष्ट्राच्या रकान्यात ती वजा होते. जीएसटीआर-१ या विक्री-विवरणाच्या तक्ता १४ मध्ये मंचावरून झालेली निव्वळ विक्रीही तेवढीच कमी दाखवायची.

एक टोक नेहमी विसरलं जातं. मंचाने विक्री शुल्क परत दिलं तेव्हा २४४.८० सोबत त्यावरचा ४४.०६ जीएसटीही परत दिला. मार्चमध्ये त्याचं क्रेडिट घेतलेलं असतं. ते आता उलटवायला हवं. आणि ३१ मार्चच्या शिल्लक मालात हे घड्याळ धरायचं नाही, ते त्या दिवशी विकलेलं होतं. एप्रिलमध्ये परत आलेला माल म्हणून जमा करायचं.

फेरलिलाव

दुसऱ्या क्रमांकावरच्या बोलीदाराला थेट देऊ करायची सोय मंचावर असते. २,५५० ला. ती वापरायला हरकत नाही, पण तो २,५५० वर गेला होता तो 'ओरिजिनल' वाचून. जुन्याच वर्णनावर त्याला देणं म्हणजे तोच परतावा दुसऱ्या पत्त्यावर मागवणं. खरं सांगून विचारलं, तो नको म्हणाला.

ओळखीतल्या कुणी दोन बोली लावून किंमत वर ढकलावी, अशा सूचना अशा वेळी हमखास येतात. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार किंमत फुगवायला खोटी बोली लावली तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो. म्हणजे पुन्हा परतावा, आणि या वेळी खातंही जातं.

किमान बोली किती ठेवायची? याच दरांनी उलटं गणित केलं तर १,७०० च्या बोलीला ना नफा ना तोटा. वीस विक्रींमागे एक परतावा धरून ३४४.४० त्यांच्यावर वाटले की प्रत्येकी सतरा रुपये, म्हणजे बोलीत पंचवीसेक वाढवायचे. तिने १,७५० पासून सुरुवात केली. हे गणित नव्या नगाचं आहे. या नगावर ३४४ आधीच गेलेले होते, ते किमान बोलीत घुसवले असते तर गिऱ्हाईकच आलं नसतं.

लिलाव २,०५० ला थांबला. १२० धरून २,१७०, त्यातून शुल्क २४८.७०, पार्सल-पॅकिंग १५०, मूळ पडतळ (खरेदी आणि दुरुस्ती मिळून) १,३५०, कर १६३.२२ वजा जाता २५८.०८ उरले. आधीचे ३४४.४० काढले की ८६.३२ तोटा. म्हणजे नाशिककराला ८८५ रुपयांपर्यंत सूट दिली असती तरी तिचं याहून वाईट झालं नसतं. तिने दोनशे देऊ केले होते.

नव्या यादीचं वर्णन असं होतं: "एचएमटी जनता, चावीचं, देवनागरी आकडे. डायल नव्याने रंगवलेली, कंपनीची छपाई नाही. भिंगातला फोटो तिसरा पाहावा. काच नवी. यंत्र साफ करून ऑइलिंग केलेलं, मागचं झाकण उघडलेला फोटो पाचवा. पट्टा जुना, बदलावा लागेल."